गॅस गिझर घेताय? नागपूरच्या हिवाळ्यात या चुका टाळा

नागपुरात गिझरचा मोसम जेमतेम चार महिन्यांचा. मे महिन्यात दुपारी नळ उघडला तर स्लॅबवरच्या टाकीचं पाणी अंग भाजेल इतकं तापलेलं असतं, तेव्हा गिझरकडे बघतो कोण? मग कोजागिरी उलटते, सकाळचा पहिला तांब्या अंगावर घेताना हुडहुडी भरते आणि ऐन दिवाळीच्या धांदलीत गिझर घ्यायचा राहिला हे आठवतं. इतवारीतून, सीताबर्डीतून खोकं घरी येतं आणि मिळेल तो प्लंबर मिळेल त्या भिंतीवर ते ठोकून जातो. आपली थंडी काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्यामुळे गरम पाण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा फक्त खिशाला लागतात, एक मात्र जिवावर बेतते. आधी तीच घेऊ.

बाथरूमच्या आत गिझर लावणं

नळ, शॉवर, टाकी, गिझर अशी आपण पाण्याच्या वस्तूंची एकच यादी करतो. म्हणून गॅस गिझरसाठी प्लंबर बोलावतो, आणि म्हणूनच गिझर बाथरूममध्ये जातो. खरं पाहता ती शेगडी आहे आणि चांगली दांडगी शेगडी आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर साधारण १२ किलोवॉटने जळतो. स्वयंपाकघरातले पाच-सहा मोठे बर्नर एकदम फुल्ल केले तर जेवढी आग होईल, तेवढी त्या छोट्या पेटीत होते. दार लावून, कडी घालून, अशा पाच शेगड्यांशेजारी कोणी आंघोळीला बसेल का?

हिशेब सोपा आहे. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. असा गिझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत त्याला दोन घनमीटर हवा हवी. ४ बाय ६ फुटांच्या आणि ९ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवा असते सहा घनमीटर. एका निवांत आंघोळीत एक तृतीयांश हवा गिझरच घेऊन टाकतो. बिघडायला प्राणवायू पूर्ण संपावा लागत नाही. हवेतलं त्याचं २१ टक्के प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी घसरलं की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. एलपीजीची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात, पण इथे गॅस गळत नसतो, अर्धवट जळत असतो. त्यामुळे ‘गॅसचा वास तर आला नव्हता’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायला हवी हे कळतं पण हात वर जात नाही. ‘हलका असतो, वरच्या झरोक्यातून निघून जाईल’ हाही एक गैरसमज. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच असतं, तो खोलीभर पसरतो.

थंडीत आपणच हे काम सोपं करून देतो. झरोक्याला पुठ्ठा लावायचा, दाराखालच्या फटीला जुना टॉवेल सारायचा, कूलरची खिडकी तर ऑक्टोबरपासूनच बंद. दोन दिवस विशेष सांभाळण्यासारखे आहेत. एक नरक चतुर्दशी. पहाटे सगळ्या घराची अभ्यंगस्नानं पाठोपाठ होतात. पहिल्याला हवा ताजी मिळते, चौथ्याच्या वाट्याला आधीच्या तिघांची जळकी हवा येते, आणि चौथं बहुतेक वेळा घरातलं लहान पोर किंवा सगळ्यांना उटणं लावून थकलेली आई असते. दुसरा दिवस धुळवडीचा. रंग निघेना म्हणून पोरं अर्धा-अर्धा तास गरम पाण्याखाली उभी राहतात.

‘एक्झॉस्ट फॅन आहे ना’ असं सांगणारे भेटतात. फॅन हवा बाहेर तेव्हाच फेकतो जेव्हा दुसरीकडून आत येते. सगळं बंद असलेल्या खोलीत तो नुसता घुमतो, आणि गिझरला चिमणी असेल तर तिच्यातून बाहेर चाललेला धूर उलटा आत ओढूही शकतो.

मग लावायचा कुठे? बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. मागची गॅलरी, धुणी-भांड्याची उघडी जागा, स्वतंत्र घर असेल तर मागची भिंत. महाल भागातल्या जुन्या घरांना मागचं अंगण आहे, त्यासारखी दुसरी जागा नाही. फक्त पावसापासून आडोसा हवा आणि वाऱ्याचा थेट झोत नको, नाहीतर ज्योत विझते. तिथून गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत न्यायचा. पाइप लांबला तर सुरुवातीचं थोडं पाणी गार येईल. येऊ द्या. पाइपावर फोमचं आवरण चढवलं की तेही कमी होतं.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मनीषनगर, बेसा भागातल्या अपार्टमेंटमध्ये प्लंबर गिझर डक्टच्या तोंडाशी बसवतात किंवा त्याचा धूर डक्टमध्ये सोडतात. डक्ट म्हणजे मोकळं आकाश नव्हे. वरच्या मजल्यांच्या बाथरूमचे झरोके त्यातच उघडतात. आपला धूर वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाथरूममध्ये पाठवायचा का, एवढं स्वतःला विचारावं. चिमणीचं मॉडेल असेल तर पाइप वरच्या दिशेने चढत बाहेर निघाला पाहिजे, फॉल्स सीलिंगच्या वर नेऊन सोडून देणं म्हणजे धूर घरातच ठेवणं. आणि कबुतरांनी त्या पाइपात घर तर केलं नाही ना, हे हिवाळ्याच्या तोंडावर बघायचं.

प्लंबर म्हणेल, ‘काही होत नाही जी, सगळ्यांकडे आतच लावून राहिलो.’ त्याला तिथे आंघोळ करायची नसते.

भाड्याच्या घरात घरमालकाने आतच लावून ठेवला असेल आणि लगेच हलवता येत नसेल, तर निदान एवढं करा. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करून रेग्युलेटरचं बटण फिरवा, काही मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच दार लावा. चालू गिझरखाली शॉवर घ्यायचा नाही. हा तात्पुरता उपाय आहे, तेवढ्यावर पुढचा हिवाळा काढू नका.

आत कोणी उत्तर देत नसेल तर

दार वाजवत बसू नका, कडी तोडा. श्वास रोखून आत जा, माणसाला उघड्यावर आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण असेल तर लगेच सुरू करा. दवाखान्यात पोचताच ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे पहिलं वाक्य बोला. नाहीतर चक्कर, फिट, शुगर, हृदयविकार या वाटांनी तपास भरकटतो. घरातल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. बोटाला लावायचं ते साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायूचं रक्त यांतला फरक ओळखत नाही, आकडा चांगलाच दाखवतं. माणूस शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

खरेदी करताना

आयएसआय खूण आणि आयएस १५५५८ हा मानक क्रमांक पेटीवर आहे का ते बघा. बिननावाच्या स्वस्त पेट्यांच्या मोहात पडू नका. ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर, ज्योत विझली की गॅस तोडणारी सोय, वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर, पाणी जास्त तापलं की तोडणारा कट-ऑफ, या गोष्टी असाव्यात. पण सेन्सर आहे म्हणून गिझर आत लावला तरी चालेल, हा दुकानदाराचा युक्तिवाद मानू नका. सेन्सरही यंत्रच, जळमट आणि काजळी त्यालाही धरते.

पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्यांची एक खास चूक असते. तिकडे पाइपाने येणाऱ्या गॅसवर, म्हणजे पीएनजीवर, चालणारा गिझर ते सामानात घेऊन येतात आणि इथे सिलिंडरला जोडतात. दोन्ही गॅसच्या जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्यांची, भोकं वेगळ्या मापाची असतात. पीएनजीच्या मोठ्या भोकातून एलपीजी सोडला तर ज्योत पिवळी, लांबलचक होते आणि काजळी धरते. कंपनीच्या माणसाकडून जेट बदलून घेता आले तर ठीक, नाहीतर तो गिझर तिथेच कोणाला देऊन यायचा.

कितीचा घ्यावा? एका बाथरूमला मिनिटाला ६ लिटरचा पुरतो. दहा-बारा लिटरचे मोठे गिझर चिमणीशिवाय लावूच नयेत. आणि पाण्याच्या दाबाकडे नीट लक्ष द्या, तक्रारी इथूनच सुरू होतात. हा गिझर पाण्याच्या दाबाने पेटतो. टाकी १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे टाकीचा तळ नळापासून जेमतेम दोन-अडीच मीटर वर असतो, तिथे ०.२ ते ०.२५ बार. माहितीपत्रकातला किमान दाब याच्या जवळपास असेल तर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा किंवा छोटा प्रेशर पंप धरूनच बजेट करा.

गॅसचा खर्च लोक अंदाजाने सांगतात, म्हणून हाही हिशेब करून टाकू. २० लिटरची बादली १६ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ५० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये पावणेतीनशेच्या वर बादल्या. चौघांचं घर, माणशी एक बादली, तर दोन महिन्यांहून थोडं जास्त. शॉवरखाली उभं राहून गाणी म्हणणारं कोणी घरात असेल तर हा हिशेब विसरा.

जोडणीतल्या चुका

शेगडीच्या रबरी नळीलाच मध्ये टी लावून तिथून गिझरकडे दुसरी नळी नेणं, ही सगळ्यात सर्रास दिसणारी करामत. प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा, शिवाय गिझर पेटला की शेगडीची ज्योत बारीक होते. गिझरला स्वतःचा सिलिंडर आणि रेग्युलेटर द्या. सिलिंडर लांब असेल तर मधलं अंतर तांब्याच्या किंवा जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पक्क्या पाइपने काढा. केशरी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ती भिंतीतून किंवा कपाटामागून नको, मध्ये जोड तर नकोच. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात किंवा जमिनीच्या पातळीखालच्या खड्ड्यात ठेवायचा नाही.

गरम बाजूला साधा पांढरा पीव्हीसी पाइप लावला तर एखाद-दोन मोसमांत तो वाकतो आणि जोड सुटतात. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी किंवा जीआय घ्या, आणि गिझरमधून निघणारा पहिला तुकडा धातूचा असू द्या. काही मॉडेलना गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला नळ लावलेला चालत नाही, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यासोबत रद्दीत जाते, ही वेगळी गोष्ट.

गच्चीवर सोलर आहे आणि ढगाळ दिवसांसाठी गिझर लावलाय, तर सोलरचं तापलेलं पाणी थेट गिझरमध्ये सोडू नका. ६० अंशांचं पाणी आणखी २५ अंशांनी तापलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

जोडणी झाली की सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून गळती तपासणारे मिस्त्री अजून आहेत, त्यांना हात जोडून परत पाठवा.

पेटत नाही, विझतो, धडाम वाजतो

नळ उघडल्यावर टकटक आवाजच येत नाही: बहुतेक वेळा सेल. आत दोन जाड सेल असतात, दोन्ही एकदम बदला, नवा-जुना जोडू नका. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर खरवडून काढा. तरी नाही तर पाण्याचा दाब कमी पडतोय. पाणी आत येतं तिथल्या जाळीत वाळू अडकली का ते बघा, ही जाळी घरीच निघते आणि धुता येते.

टकटक होते पण पेटत नाही: नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ उघड-बंद केल्यावर गॅस पोचतो. तरीही पेटेना आणि गॅसचा वास साचायला लागला तर प्रयत्न थांबवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका. गळतीची शंका असेल तर १९०६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो.

पेटतो आणि काही मिनिटांत विझतो: हा बिघाड दुरुस्त करण्याआधी विचार करा. वीस मिनिटांनी विझत असेल तर तो टायमर आहे, बिघाड नाही. बंद जागेत लावलेला गिझर मधूनच विझत असेल तर बहुधा ऑक्सिजन सेन्सर आपलं काम करतोय. काही कारागीर अशा वेळी सेन्सरच्या दोन तारा जोडून देतात आणि ‘आता बघा कसा चालतो’ म्हणतात. चालतो खरा. असा ‘दुरुस्त’ केलेला गिझर वापरू नका, जागा बदला.

पेटताना धप्प किंवा धडाम आवाज: ठिणगी उशिरा पडते आणि तोवर गॅस साचतो. सेल मंदावलेत किंवा जेटमध्ये कोळ्याचं जाळं आहे. आठ महिने बंद राहिलेल्या बर्नरमध्ये कोळी हमखास संसार थाटतात. हात लांब ठेवा, सर्व्हिसिंग होईपर्यंत वापर बंद.

ज्योत निळीच्या जागी पिवळी, पेटीवर काळे डाग: हवा पुरत नाही किंवा बर्नर आणि वरच्या तांब्याच्या पट्ट्या काजळीने भरल्यात. ही कार्बन मोनॉक्साइडची पाटी समजा. बाहेर लावलेला असला तरी लगेच साफ करून घ्या.

नळ बंद केला तरी ज्योत चालूच: पाण्याच्या झडपेतला पडदा अडकलाय. आधी रेग्युलेटर बंद. इथे घरगुती प्रयोग नकोत, आतलं थोडंसं पाणी काही क्षणांत उकळतं.

कडाक्याच्या थंडीत पाणी कोमट येतं: आधी पाण्याचा वेग कमी करा. मिनिटाला ६ लिटरऐवजी ४ लिटर घेतलं की तेवढ्याच आगीत ते जास्त तापतं. त्यानेही फरक पडला नाही तर बहुधा सिलिंडर संपत आलाय. गिझर तासाला किलोभर गॅस ओढतो, आणि गारठलेल्या, तळाला आलेल्या सिलिंडरमधल्या द्रवाची तितक्या वेगाने वाफ होत नाही. हा सिलिंडर शेगडीला लावा, तिथे तो अजून काही दिवस निघतो. पण त्याला आडवा करणं, गरम पाण्याच्या टबात बसवणं, उकळतं पाणी ओतणं यातलं काहीही करायचं नाही. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत एकदम फुटभर उसळू शकते. ‘शेवटचा गॅस वाया जातो’ म्हणून हे प्रकार चालतात. जाऊ द्या की वाया.

क्षार आणि बंद महिने

पेंच-कन्हानचं नळाचं पाणी येणाऱ्या घरांना क्षारांचा त्रास तुलनेने कमी. बाहेरच्या ले-आऊटमध्ये जिथे अजून बोअरवेलवर भागतं, तिथे बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरत असेल तर तीच रेघ गिझरच्या तांब्याच्या नळीतही धरतेय. केटलीसारखा खळखळ आवाज, धार बारीक होत जाणं आणि पाणी मध्येच चटका बसेल इतकं गरम होणं ही त्याची लक्षणं. अशा घरांनी दरवर्षी कारागिराकडून आतून क्षार काढून घ्यावेत. पेटीत स्वतः ॲसिड ओतू नये, पातळ तांब्याला भोक पडायला वेळ लागत नाही.

होळी झाली की गिझर बंद करायचाही एक रीतसर क्रम आहे, तो कोणी पाळत नाही. सेल काढून ठेवा, नाहीतर मेच्या उन्हात ते पाझरतात आणि टोकं खातात. तळाचा बूच उघडून आतलं पाणी काढून टाका. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडाला टोपी लावा. पेटीवर कापड टाका.

सर्व्हिसिंग दिवाळीआधी, सप्टेंबरच्या शेवटी करून घेतलं तर कारागीर वेळ देतो. दिवाळीच्या आठवड्यात तो पंधरा मिनिटांत वरून फडकं मारून पुढच्या घरी जातो. त्याच्याकडून बर्नर-जेट काढून साफ करणं, तांब्याच्या पट्ट्यांतली काजळी, पडदा आणि वायसर, साबणाच्या पाण्याने गळतीची तपासणी, एवढं समोर उभं राहून करून घ्या. सुरक्षा नळीवर छापलेली तारीख त्याच वेळी वाचा. ती पाच वर्षांपुरती असते, दिसायला धडधाकट असली तरी मुदत संपल्यावर बदलायची.